पिंजरा हेच पहिलं औषध

रोज दाराची बेल वाजली की सगळ्यांच्या आधी धावणारा डॅशहाउंड एखाद्या दिवशी जागचा हलत नाही. उचलायला गेलं की केकाटतो. पाठ बाक आल्यागत वर आलेली, पोट ताठ, मधूनच अंग थरथरतं. घरातल्यांना वाटतं, काहीतरी खाल्लं असणार, पोट बिघडलंय. ओव्याचं पाणी पाजलं जातं, एक दिवस लंघन होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठतो तेव्हा मागचे पाय एकमेकांत अडकत असतात. ही गल्लत स्वाभाविक आहे, कारण पाठ दुखणारा कुत्रा पोटाचे स्नायू आवळून धरतो. पहिल्या तपासणीत कधीकधी डॉक्टरांचीही फसगत होते. म्हणून लांब पाठीच्या, आखूड पायांच्या कुत्र्याचं पोट ताठ लागलं, तर पोटाबरोबर पाठीचीही तपासणी करून घ्या.

हे दुखणं असतं मणक्यांमधली गादी सरकल्याचं. मानेतली गादी सरकली असेल तर चित्र थोडं वेगळं दिसतं. कुत्रा डोकं खाली घालून, डोळे वर करून बघतो. हाक मारली तर मान न वळवता सगळं अंग वळवतो. भांडं जमिनीवर असेल तर जेवायला नको म्हणतो आणि तेच भांडं पाटावर ठेवलं की खातो. बीगलमध्ये हे बऱ्यापैकी दिसतं.

मणक्यांच्या मधल्या गादीची रचना उकडीच्या मोदकासारखी समजा: बाहेर चिवट पारी, आत मऊ, ओलसर सारण. डॅशहाउंड, पेकिनीज, शिह त्झू, बीगल, कॉकर स्पॅनियल, फ्रेंच बुलडॉग अशा जातींत हे सारण वयाच्या पहिल्या वर्षातच कोरडं पडायला लागतं, रवाळ होतं आणि पुढे त्यात चुना साठतो. मग एखाद्या दिवशी पारी वरच्या बाजूने फाटते आणि हा कडक ऐवज मज्जारज्जूवर आदळतो. स्वीडनचे पशुवैद्यक हान्स-यॉर्गेन हान्सेन यांनी १९५०च्या दशकात या आजाराचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. हा अचानक फाटणारा पहिला प्रकार. दुसऱ्यात गादी वर्षानुवर्षं हळूहळू फुगत जाते. तो मोठ्या जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांचा आजार आहे, इथे तो बाजूला ठेवू. पहिला प्रकार गाठतो तो ऐन उमेदीत, साधारण तीन ते सात वर्षांच्या वयात. जागाही बहुधा ठरलेली असते, बरगड्या संपून कंबर सुरू होते ती. त्या जागेच्या पुढे, छातीच्या भागात, बरगड्यांना जोडणारा एक आडवा पट्टा गादीवरून जातो आणि तिला रोखून धरतो. कंबरेकडे हे संरक्षण नसतं.

डॅशहाउंडांमध्ये साधारण पाचातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. पगचं मात्र थोडं निराळं आहे. हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर आपल्याकडे पग घरोघरी आले, पण पगचे मागचे पाय लटपटू लागले तर गादीपेक्षा जन्मतःच वेडावाकडा असलेला मणका कारणीभूत असण्याची शक्यता बरीच असते. त्याचे उपचारही वेगळे.

उडीचा दोष किती?

घरात हे घडलं की पहिला शोध गुन्हेगाराचा सुरू होतो. मुलाने उचलून आपटलं का? बाईंनी फरशी ओली ठेवली होती का? सोफ्यावर चढू नको म्हटलं तरी तुम्हीच लाड करता! यात वेळ घालवू नका. सोफ्यावरून मारलेली उडी हे फार तर शेवटचं निमित्त असतं. गादी आधीच खराब झालेली असते आणि ती खराब होणार हे जन्माआधी ठरलेलं असतं. एफजीएफ-४ नावाच्या जनुकाची एक जादा प्रत १८व्या गुणसूत्रावर बसली की पाय आखूड होतात, हे २००९ मध्ये कळलं. तशीच दुसरी प्रत १२व्या गुणसूत्रावर असेल तर गाद्या लवकर झिजतात, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं. डॅशहाउंडांमध्ये ही दुसरी प्रत जवळजवळ सगळ्यांकडे असते. झोपेतून उठताना गादी फाटल्याची उदाहरणंही कमी नाहीत.

गादीत चुना साठतो हे ऐकून काही जण कुत्र्याचं दूध, दही, कॅल्शियमचं औषध बंद करतात, तर काही जण हाडं कमजोर झाली म्हणून कॅल्शियम सुरू करतात. दोन्ही निरर्थक आहे. त्या चुन्याचा आहारातल्या कॅल्शियमशी संबंध नाही.

किती घाईने डॉक्टरांकडे?

पशुवैद्यक या आजाराच्या पाच पायऱ्या मानतात. पहिली, नुसतं दुखणं. दुसरी, चालतो पण झोकांड्या खातो, मागचा पंजा उलटा पडतो. तिसरी, पाय हलतात पण अंगाचा भार पेलत नाहीत. चौथी, पाय अजिबात हलत नाहीत, पण बोटाचं हाड जोरात दाबलं तर कळ मेंदूपर्यंत पोहोचते. पाचवी, ती कळही पोहोचत नाही.

दुखणं आहे पण चालतोय, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर गाठा. चालता येत नसेल तर रात्र काढू नका. काल झोकांड्या खात होता आणि आज उभाच राहत नाही, असं उतरणीला लागलेलं लक्षण असेल तरी तसंच. यातला प्रत्येक तास महत्त्वाचा असतो, कारण चौथ्या पायरीवरून पाचवीवर घसरण काही तासांतही होऊ शकते आणि तिथे सगळं गणित बदलतं. कळ शाबूत असताना शस्त्रक्रिया झाली तर दहातले नऊ कुत्रे पुन्हा चालतात. कळ गेल्यावर हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं.

कळ आहे की नाही याची परीक्षा घरी घेऊ नका. पंजा चिमटला आणि कुत्र्याने पाय आखडला, की घरचे खूश होतात. पण पाय आखडणं ही मज्जारज्जूची खालच्या खाली होणारी प्रतिक्रिया असते, मेंदूला तिचा पत्ताही नसतो. कुत्रा मान वळवून बघतो का, ओरडतो का, चावायला येतो का, हे महत्त्वाचं. ते अनुभवी हातानेच तपासावं.

नेताना त्याला काखेत हात घालून, लहान मुलासारखं उभं उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांच्या मध्ये ढुंगणाखाली, पाठ जमिनीला समांतर. चालता येत नसेल तर प्लायवूडची फळी, इस्त्रीचा बोर्ड किंवा तळ कडक असलेलं खोकं घ्या, त्यावर सतरंजीची घडी घाला आणि कुत्र्याला वर घेतल्यावर ओढणीने सैलसर बांधा. दुचाकीवर मांडीत बसवून नेणं टाळा. सातारा-रत्नागिरीहून पुण्या-मुंबईला यायचं असेल तर निघण्याआधी फोन करून विचारा, मणक्याची शस्त्रक्रिया करणारे सर्जन आज आहेत का, एमआरआय तिथेच होतो की दुसरीकडे न्यावं लागतं, साधारण खर्च किती. हे तीन प्रश्न विचारून निघालेला माणूस वाटेतली निम्मी पायपीट वाचवतो. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल जुन्या पिढीला माहीत असतंच. त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तज्ज्ञ कुठे मिळतील हे विचारायलाही अशा ठिकाणचा फोन उपयोगी पडतो.

साध्या एक्स-रेमध्ये मज्जारज्जू दिसत नाही. चुना साठलेल्या गाद्या दिसतात, दोन मणक्यांमधलं अंतर कमी झालेलं दिसतं, मणका मोडलेला नाही एवढं कळतं. पण नेमकी कुठली गादी फाटली आणि दाब कुठल्या बाजूने आहे, हे एमआरआय किंवा सीटी स्कॅनमध्येच कळतं. पहिल्या-दुसऱ्या पायरीवर औषध आणि विश्रांतीवरच भर द्यायचा असेल तर स्कॅन न करणंही शहाणपणाचं ठरतं. आपल्याकडे मागचे पाय गेले की गोचीड तापाचीही शंका घेतली जाते. ती रास्त आहे आणि रक्ताची तपासणी जरूर करावी. पण त्या रिपोर्टची वाट पाहत तीन दिवस घालवणं परवडत नाही. अंगात ताप असेल तर गादीतच जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तिथे विचार न करता दिलेलं स्टेरॉइड नुकसान करतं.

औषधांचा डबा दूर ठेवा

घरातल्या माणसांची वेदनाशामक गोळी कुत्र्याला देऊ नका. अर्धी नाही, पावही नाही. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. पॅरासिटामॉलचं प्रमाण चुकलं तर यकृतावर बेततं. पाठीला चोळायची मलमंही नकोत, कारण कुत्रा ती चाटतो आणि त्यातलं मिथाइल सॅलिसिलेट पोटात जातं.

डॉक्टर सूज उतरवणारं वेदनाशामक देतील किंवा काही वेळा स्टेरॉइड. ही दोन्ही एकत्र, किंवा एक संपताच दुसरं, असं कधीच होता कामा नये. पोटाला आणि आतड्याला भोक पडून कुत्रा दगावू शकतो. आपल्याकडे हे घडतं ते डॉक्टर बदलल्यामुळे. गल्लीतल्या डॉक्टरांनी परवा एक इंजेक्शन दिलेलं असतं, त्याचं नाव कुणाला माहीत नसतं आणि नवे डॉक्टर त्यावर दुसरं देतात. म्हणून पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर इंजेक्शनचं नाव लिहून मागा. काळी, डांबरासारखी शी, उलटी, जेवण तोडणं यांतलं काहीही दिसलं तर औषध थांबवून लगेच फोन करा. नसांच्या दुखण्यासाठी गॅबापेन्टिन देतात. ते माणसांच्या सिरपच्या रूपात घेणार असाल तर त्यात झायलिटॉल नाही ना, हे बाटलीवर वाचा. ही गोडी कुत्र्याला विषारी आहे.

ताकदीची इंजेक्शनं म्हणून बी जीवनसत्त्वाचा कोर्स जवळपास प्रत्येकाला दिला जातो. त्याने अपाय नाही, पण मज्जारज्जूवरचा दाबही हटत नाही. त्या कोर्सच्या भरवशावर शस्त्रक्रियेचा निर्णय पुढे ढकलला जातो, हे मात्र वाईट. तेलाने पाठ रगडणारे, मणका बसवून देणारे हाडवैद्य यांच्याकडे तर मुळीच नेऊ नका. फाटलेल्या गादीवर दाब देणं म्हणजे उरलेलं सारण आपणच बाहेर ढकलणं.

चार आठवडे, आणि एक दिवसही कमी नाही

आता खरं अवघड काम. शस्त्रक्रिया केली नाही तर किमान चार आठवडे, बऱ्याचदा सहा, कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवायचं. शस्त्रक्रिया झाली तरी काही आठवडे हालचालीवर बंधन असतंच, किती ते सर्जन सांगतील. कारण साधं आहे: फाटलेली पारी भरून यायला एवढा वेळ लागतो आणि तोवर प्रत्येक उडीगणिक आणखी सारण बाहेर येऊ शकतं. औषध सूज उतरवतं, दुखणं झाकतं. गादी शिवत नाही.

घात बहुधा पाचव्या-सहाव्या दिवशी होतो. वेदनाशामक लागू पडलेलं असतं, कुत्रा शेपूट हलवत पिंजऱ्याच्या दाराशी उभा असतो, डोळ्यांत सगळी करुणा आणून बघत असतो. घरातलं कुणीतरी म्हणतं, बरा झालाय बिचारा, किती कोंडून ठेवाल? दार उघडलं जातं. तो थेट दिवाणावर झेपावतो. दुखणं परत येतं, आणि या वेळी एक-दोन पायऱ्या वर. मी पाहिलेल्या बिघडलेल्या प्रकरणांत चुकीच्या औषधांपेक्षा ही दया जास्त वेळा आडवी आली आहे. म्हणून पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्यांना, आजी-आजोबांना आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही, एकत्र बसवून नियम सांगा आणि कॅलेंडरवर सुटकेची तारीख लिहा. ती तारीख डॉक्टरांनी ठरवायची, कुत्र्याच्या चेहऱ्याने नाही.

पिंजरा केवढा? कुत्रा उभा राहू शकेल, वळू शकेल, पाय ताणून झोपू शकेल इतका. चार पावलं टाकता येतील इतका मोठा नको. तारेचा घडीचा क्रेट मिळतो. लहान मुलांचं प्लेपेनही चालतं, पण त्याच्या कडेवर पुढचे पाय टेकून उभा राहणारा कुत्रा असेल तर वरून बंद होणारा क्रेटच घ्या. तळाशी योगा मॅट कापून बसवा म्हणजे पाय घसरणार नाहीत, त्यावर फोमची पातळ गादी, वर सुती चादरीची घडी. पाण्याचं भांडं जाळीला अडकवा. पिंजरा बाल्कनीत किंवा मागच्या खोलीत नको, माणसं जिथे बसतात तिथे हवा. त्याला एकटं पडल्यासारखं वाटलं की तो भुंकून, धडका देऊन पाठीला ताण देणार. एप्रिल-मे असेल तर पंख्याखाली ठेवा, उन्हाची तिरीप येत नाही ना ते पाहा.

बाहेर काढायचं ते फक्त शी-शूसाठी. गळपट्टा नको, छातीवरून बांधायचा हार्नेस आणि चार फुटी दोरी. जिना उतरायचा नाही, उचलून न्यायचं. मागचे पाय डळमळत असतील तर ओढणीची लांब घडी पोटाखालून घालून दोन्ही टोकं वर धरा. त्याचं वजन उचलायचं नाही, तोल सांभाळायचा. नर कुत्रा असेल तर पट्टा लघवीच्या जागेवर येऊ देऊ नका. पाच मिनिटांत परत. मांडीवर घेऊन टीव्ही बघायचा मोह होईल. जमिनीवर बसून, हार्नेसला हात ठेवून घ्या. सोफ्यावर बसून नको.

कंटाळ्याचं काय? जेवण भांड्यात देण्याऐवजी आत खाऊ भरायच्या रबरी खेळण्यात भरून द्या, जुन्या टॉवेलच्या वळकटीत दाणे लपवा. नाक कामाला लागलं की डोकं दमतं. तरीही जाळीवर चढून गोंधळ घालत असेल तर डॉक्टरांना सांगा. शांत ठेवणारी औषधं आहेत आणि चार आठवड्यांसाठी ती देण्यात काही गैर नाही. मधे दिवाळी किंवा विसर्जन मिरवणूक येणार असेल तर हे आधीच विचारून ठेवा. फटाक्याच्या आवाजाने घाबरून पिंजऱ्यात उसळणाऱ्या कुत्र्याला त्या क्षणी काही समजावता येत नाही.

सुटका झाली की लगेच पळापळ नाही. पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटांचं दोरीवरचं संथ चालणं, मग दर आठवड्याला थोडं वाढवत न्यायचं.

लघवी: ज्याकडे कुणी लक्ष देत नाही

मागचे पाय गेले की बहुतेकदा लघवीवरचा ताबाही जातो. पायांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, मूत्राशयाकडे कुणाचंच नसतं. आणि इथे एक फसवी गोष्ट घडते. अंथरूण ओलं दिसतं, उचलताना दोन-चार थेंब गळतात, म्हणून घरचे समजतात की लघवी होतेय. प्रत्यक्षात मूत्राशय तुडुंब भरलेलं असतं आणि वरचं पाणी सांडतंय एवढंच. असं दिवसचे दिवस ताणलेलं मूत्राशय नंतर आकुंचनच पावत नाही. साठलेल्या लघवीत जंतू वाढतात ते वेगळंच.

म्हणून पाय गेलेल्या कुत्र्याचं मूत्राशय दिवसातून तीन-चार वेळा हाताने रिकामं करावं लागतं. वाचून हे येत नाही. दवाखान्यातून निघण्याआधी डॉक्टरांना तुमच्या हातावर हात ठेवून दाखवायला सांगा आणि त्यांच्यासमोर एकदा स्वतः करून पाहा. ढोबळमानाने, मागच्या पायांच्या थोडं पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंनी पसरलेली बोटं ठेवून आतला लिंबाएवढा किंवा संत्र्याएवढा फुगा चाचपायचा आणि मागच्या दिशेने सावकाश, सलग दाब द्यायचा. झटका नाही, नखं नाहीत. काही कुत्र्यांत झडप घट्ट आवळलेली असते, कितीही दाबलं तरी धार येत नाही. तिथे जोर लावू नका, झडप सैल करणारं औषध मिळतं. कधी काही दिवस नळी घालावी लागते. लघवी गढूळ झाली, उग्र वास आला, रंग लालसर दिसला तर त्याच दिवशी तपासणीला द्या. शी बहुधा आपोआप होते. खडा झाला तर उकडलेला लाल भोपळा, मीठ-मसाल्याशिवाय, चमचाभर.

कातडीही रोज पाहायची. लघवीने भिजलेली मांडी कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. केस मोठे असतील तर मागचा भाग भादरून घ्या. लहान मुलांची डायपर क्रीम लावू नका, तिच्यातलं झिंक चाटण्यातून पोटात जातं. पडून असलेल्या कुत्र्याची कूस दर तीन-चार तासांनी बदला. कोपर आणि नितंबाच्या हाडावर लाली दिसली तर तिथे जखम होऊ घातली आहे असं समजा. पावसाळ्यात अंथरुणं वाळत नाहीत, तेव्हा तीन-चार संच हवेतच. बधिर पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नका, चटका बसला तरी त्याला कळणार नाही.

व्यायाम कधी सुरू करायचा हे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट ठरवतील. साधारणतः दुखणं आटोक्यात आल्यावर पायांचे सांधे हळुवार दुमडणं-उलगडणं, सायकल चालवल्यासारखे पाय फिरवणं, पंजाच्या तळव्याला गुदगुल्या करणं, असं दिवसातून दोन-तीनदा सांगितलं जातं. पाण्यातली ट्रेडमिल मोठ्या शहरांत आता मिळते. शस्त्रक्रियेचे टाके भरल्यावर तिचा उपयोग होतो. परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, गवतावरचं पोटपट्टा लावलेलं संथ चालणंही पुष्कळ काम करतं. पाय परत यायला काही कुत्र्यांना दोन आठवडे लागतात, काहींना तीन महिने.

पुढची वर्षं

एका गादीने दगा दिला म्हणजे बाकीच्या तशाच बनावटीच्या आहेत हे लक्षात ठेवा. शस्त्रक्रिया न केलेल्यांत पुन्हा त्रास होण्याचं प्रमाण जास्त असतं. शस्त्रक्रियेच्या वेळी शेजारच्या गाद्यांमधलं सारण काढून टाकलं तर धोका कमी होतो, हे सर्जनला आवर्जून विचारा.

तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वजन. नऊ किलोचा कुत्रा दहाचा झाला तर अकरा टक्के वाढला, आणि हा भार लांब पाठीवर येतो. बरगड्यांवर पातळ कातडीखाली बोटाला हाडं लागली पाहिजेत, वरून बघताना कंबर दिसली पाहिजे. मराठी घरात कुत्रा जाडा होतो तो जेवणाने नाही, चहाबरोबरच्या बिस्किटांनी आणि तूप लावलेल्या पोळीच्या तुकड्याने. आजोबांचा हात थांबत नसेल तर त्यांच्याजवळ गाजराच्या किंवा काकडीच्या चकत्यांची डबी ठेवा. द्यायचा आनंद तेवढाच. मनुका, द्राक्षं, कांदा मात्र कधीच नको.

गुळगुळीत फरशीवर त्याच्या रोजच्या वाटेने रबरी मॅट टाका. पंजाखालचे केस आणि नखं कापत राहा. दिवाणाशी उतार करा, बिछान्याशी पायरी ठेवा, गळपट्टा कायमचा काढून हार्नेस घ्या. पण त्याला काचेच्या कपाटातही ठेवू नका. ब्रिटनमध्ये डॅशहाउंडांची जी पाहणी झाली तिच्यात रोज चांगला व्यायाम मिळणाऱ्या कुत्र्यांत हा आजार कमी आढळला. पाठीचे आणि पोटाचे स्नायू मजबूत असतील तर मणक्यांना आधार मिळतो. एकदा पूर्ण बरा झाला की रोज सपाट रस्त्यावर फिरवाच.

काही कुत्रे चालत नाहीत. लघवीची व्यवस्था घरच्यांना जमत असेल आणि कुत्र्याला दुखत नसेल, तर मापाने बनवलेली दोन चाकांची गाडी लावून ते वर्षानुवर्षं मजेत राहतात. ती गाडी दिवसभर लावायची नसते, एका वेळी अर्धा-पाऊण तास पुरे. उलट एक प्रसंग असा आहे की तिथे थांबावंच लागतं. कळ गेलेल्या कुत्र्यांपैकी साधारण दहातल्या एकाचा मज्जारज्जू पहिल्या काही दिवसांत विरघळत वर सरकतो. पोट सैल पडतं, पुढचे पाय कमजोर होतात, श्वास उथळ होतो. यावर उपाय नाही, आणि डॉक्टरांनी तसं निदान केलं तर त्याला शांतपणे जाऊ देणं हीच माणुसकी.

शेवटी, ज्यांना अजून पिल्लू घ्यायचं आहे त्यांच्यासाठी. डेन्मार्कसारख्या देशांत डॅशहाउंडची पैदास करण्याआधी दोन ते चार वर्षांच्या वयात पाठीचा एक्स-रे काढून चुना साठलेल्या गाद्या मोजतात आणि जास्त असतील तर त्या कुत्र्याची पिल्लं घेत नाहीत. आपल्याकडे पिल्लू विकणारा कागदपत्रं दाखवतो, आईबापांच्या पाठीविषयी कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा. आईबाप तीन-चार वर्षांचे झालेत का, त्यांच्या किंवा त्यांच्या भावंडांच्या मागच्या पायांना कधी काही झालं का, एक्स-रे काढलाय का. उत्तर टाळलं गेलं तर पिल्लू कितीही गोड असलं तरी घेऊ नका. आणि तुमच्या स्वतःच्या कुत्र्याची गादी सरकली असेल तर, शेजारच्यांना जोडी लावायची कितीही हौस असो, त्याची पिल्लं होऊ देऊ नका.